दादाचं नाक

आमच्या दादाचं नाक दिसायला अगदी साधं आहे. थोडं पसरट, उन्हात गेलं की लाल होणारं. पण त्या नाकानं आम्हां सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी शाम्पू बदलला की दादा मला ब्रूअरीच्या दारातूनच परत पाठवायचा. "धुऊन ये," म्हणायचा, जशी काही मी चिखलात लोळून आलेय. आईनं हाताला क्रीम लावलंय हे त्याला जिन्याखाली उभं राहून कळायचं. समोरचा टेलर रोज संध्याकाळी आमच्याकडे एक ग्लास प्यायला येतो, त्याला तर दादा तोंडावर सांगायचा, "मोजे बदला, नाहीतर बाहेरच्या बाकावर बसा." बिचारा बाहेरच्या बाकावर बसायचा. गिऱ्हाईक आहे, रोजचं आहे, जरा सांभाळून घ्यावं, छे! सेंट लावून येणाऱ्यांना तर हा दारातूनच वाटेला लावायचा. आणि गल्ल्यावर बसते मी, त्यामुळे लोकांची बोलणी मला.

ब्रूअरी म्हणजे काही फार मोठं प्रकरण समजू नका. खाली रस्त्याच्या बाजूला बाकं आणि बिअरचे नळ असलेली एक खोली, तिच्या मागे बिअर शिजवायचा मोठा हंडा आणि टाक्या, त्यामागे फरशी घातलेलं अंगण. वर आम्ही राहतो. बिअर करायची दादानं, विकायची मी, आणि आम्हां दोघांना टोकायचं आईनं, अशी वाटणी आहे. गल्लीतले लोक हिला भट्टी म्हणतात, ते दादाला मुळीच खपत नाही. मला खपतं, मी फक्त त्याच्यासमोर म्हणत नाही.

तर झालं असं की उन्हाळ्याच्या सुरुवातीला दादाला जबरदस्त सर्दी झाली. शिंकून शिंकून बरा झाला, आणि बरा झाला तो चक्क गुणी होऊन. टेलर आत येऊन नळाशेजारी बसायला लागला तरी चकार शब्द नाही. मी मुद्दाम खोबऱ्याच्या वासाचा शाम्पू लावून त्याच्या समोरून दोनदा गेले. काही नाही! एकदा आईचं दूध गॅसवर करपलं, घरभर धूर, आणि हा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचतोय. पूर्वीचा असता तर रस्त्यापलीकडून धावत आला असता. "चाळिशी आली की पुरुष निवळतात," आई कौतुकानं म्हणाली. "तुझे बाबा निवळले नाहीत, पण हा निवळला."

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दादा मला विचारायला लागला. टाकीतून थोडी बिअर ग्लासात काढायची, माझ्यासमोर आणून धरायची आणि म्हणायचं, "कसा वाटतोय तुला वास? कालच्यापेक्षा बरा की वाईट?" मी ग्लास फिरवायचे, डोळे मिटायचे, सगळी नाटकं करायचे आणि म्हणायचे, "छान." किंवा, "बरा आहे, पण काल जास्त छान होता." तो मान डोलवायचा आणि खरंच त्याप्रमाणे करायचा! इतकी वर्षं नुसते ग्लास विसळले मी, माझं मत कोणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, शेवटी दादाला माझी किंमत कळली. सगळा उन्हाळा मी नुसती तरंगत होते. टेलरला तर मी सांगूनही टाकलं की आता बिअरचं सगळं मीच बघते.

उन्हाळा संपता संपता काकूंचा निरोप आला की वेल तयार झालेत. काकू आमच्या नात्यातल्या नव्हेत, त्यांना सगळेच काकू म्हणतात. गावाबाहेर त्यांचं शेत आहे, तिथे उंच तारांवर हॉप्सचे वेल चढवलेले असतात. हॉप्स म्हणजे त्या वेलांना येणारी फुलं, बोटाच्या पेराएवढी, हिरवी, पाकळीवर पाकळी चढलेली. बिअरचा कडूपणा त्यांचा आणि वासही त्यांचाच. वर्षभर आम्ही वाळवून दाबलेल्या गोळ्या वापरतो, त्या शीतपेटीत टिकतात. पण वर्षातून एकदा दादा ताज्या फुलांची बिअर करतो, आणि ती फुलं कोणासाठी थांबत नाहीत. सकाळी उतरवलेला ढीग संध्याकाळपर्यंत आतून तापतो आणि तपकिरी पडायला लागतो. म्हणून काकू अख्खे वेलच टेम्पोत टाकून आणतात, आणि अंगणात जो हाताला लागेल त्याला बसवून फुलं खुडून घ्यायची.

खुडणाऱ्यांना मोबदला एकच. बिअर तयार झाली की पहिला ग्लास त्यांचा. पण तो हातात धरून थांबायचं. दादा एका उपड्या खोक्यावर उभा राहणार, वास घेणार, त्यात काय काय आहे ते सांगणार, आणि मगच सगळ्यांनी ग्लास तोंडाला लावायचा. हे कधी आणि कसं सुरू झालं ते आठवत नाही, पण आता मोडायची कोणाची हिंमत नाही. एरवी घुम्या असलेला दादा त्या खोक्यावर असा काही बोलतो की ऐकायला लोक लांबून येतात.

आता अभ्र्यांचं सांगते. दर वर्षी आम्ही फुलं तशीच हंड्यात ओतायचो. आमचा हंडा गोळ्यांना सरावलेला, गोळ्या विरघळून जातात. गेल्या वर्षी अख्खी फुलं खालच्या नळात जाऊन बसली आणि नळ असा तुंबला की दादा खांद्यापर्यंत हात घालून आत आणि मी त्याची कंबर धरून बाहेर. म्हणून यंदा फुलं पिशव्यांत भरून सोडायची ठरलं. जाळीच्या पिशव्या मागवल्या, त्या आल्या त्या रुमालाएवढ्या. टेम्पो दारात उभा, काकू हॉर्न वाजवतायत, आणि आमच्याकडे पिशव्या नाहीत!

"माझे उशांचे अभ्रे घ्या की," आई म्हणाली. "पाहुण्यांचे आहेत. धुऊन कपाटात ठेवलेत."

"आई, अगदी देवासारखी धावून आलीस," मी म्हटलं, आणि हंडा धुवायला गेले.

हंडा धुऊन अंगणात आले आणि दारातच थबकले. गुलाब! साधासुधा नव्हे, डोक्यात जाणारा. आई कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात ते कपडे मऊ करायचं गुलाबाच्या वासाचं औषध घालते. बाटलीवर लिहिलंय एक झाकण. आई तीन घालते, पाहुण्यांच्या कपड्यांना चार. अंगणात बसलेल्यांना त्याचं काही नव्हतं. तोवर फुलं खुडून सगळ्यांचे हात चिकट पिवळे झाले होते, नाकंही त्याच वासानं भरलेली. आई, टेलर, काकू, रोजची गिऱ्हाइकं, सगळे गप्पा मारत खुडतायत, आणि मध्ये फुलांनी गच्च भरलेला पहिला अभ्रा, कडेला निळी वेलबुट्टी.

मी श्वास रोखून उभी राहिले. आता दादा येणार, अभ्रा रस्त्यावर भिरकावणार, आई रडणार, आणि समजूत घालायला पुन्हा मीच. दादा आला. त्यानं अभ्रा दोन्ही हातांनी उचलला, नाक पार आत खुपसलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"अहाहा!" दादा म्हणाला. "ओलं गवत. संत्र्याची साल. आणि मागे थोडी मिरी. काकू, यंदा कमाल केलीत!"

गुलाब कुठे गेला? त्या अभ्र्यात तोंड घातलं तर माणसाला गुलाबाशिवाय दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. आणि ते शब्द मी ओळखले. गेल्या वर्षी खोक्यावर उभा राहून तो हेच म्हणाला होता, ओलं गवत, संत्र्याची साल, मागे थोडी मिरी, याच क्रमानं.

मी पुढे झाले आणि अभ्रा त्याच्या हातातून हिसकावून घेतला. "शिवण उसवलीय!" मी ओरडले. "सगळेच उसवलेत. हे चालायचे नाहीत."

"उसवलेत?" आई उठलीच. "माझे अभ्रे?"

टेलरनं एक अभ्रा हातात घेतला, उलटा केला, अंगठ्यानं शिवण ताणून पाहिली. "ताई, शिवण तर पक्की आहे."

"तुमच्याकडे मांजरपाटाचं कापड आहे का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो अभ्रा खाली ठेवून ताडकन उठला. "कोरं पाहिजे. त्याच्या पिशव्या शिवून द्या. आत्ता, उभ्या उभ्या."

"उभ्या उभ्या कसं शिवणार, मशीन पायाचं आहे," असं पुटपुटत तो गेला, पण गेला. त्या पहिल्या अभ्र्यातली फुलं मी काकूंची नजर चुकवून कचऱ्यात टाकली. नजर काही चुकली नाही. "अगं माझी फुलं!" असा काकूंनी जो टाहो फोडला तो पार चौकापर्यंत गेला असेल.

त्या गोंधळात मी दादाचा हात धरला आणि त्याला थंड खोलीत ओढत नेलं, जिथे आम्ही बिअरची पिंपं ठेवतो. दार लावलं. रिकामा अभ्रा त्याच्या नाकासमोर धरला.

"कसला वास येतोय?"

"सांगितलं ना. ओलं गव—"

"दादा."

त्यानं अभ्रा हातानं बाजूला सारला.

"गुलाब आहे," मी म्हटलं. "आईचा गुलाब. चार झाकणं."

दादा एका पिंपावर टेकला. हाताला लागलेलं पिवळं चिकट पँटला पुसत राहिला. "सर्दीपासून," तो म्हणाला. "कशाचाच येत नाही. कॉफीचा नाही, पेट्रोलचा नाही. जिभेला कडू कळतं, गोड कळतं, बास. डॉक्टर म्हणतात, येईलही परत. नाहीतर नाही येणार."

"मग सगळा उन्हाळा बिअर कशी केलीस?"

"सवयीनं," दादा म्हणाला. "आणि तुला विचारून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. म्हणजे माझी किंमत-बिंमत काही कळली नव्हती त्याला! आंधळ्यानं रस्ता ओलांडताना जो शेजारी असेल त्याचं कोपर धरावं, तसं माझं कोपर धरलं होतं. आणि मी गावभर मिरवून आले होते. असा राग आला की तो अभ्रा त्याच्या डोक्यात घालावा. पण तो तिथे पिंपावर असा बसला होता, मान खाली घालून, की अभ्रा हातातच राहिला. वाईट वाटलं हो. राग आला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

"ज्याला वास येत नाही त्यानं बिअर करू नये," दादा म्हणाला. "काकूंचा माल आलाय, तो वाया घालवायचा नाही. ही शेवटची. ही झाली, लोकांनी प्यायली, की मी थांबलो. तू कोणीतरी चांगला नाकवाला बघ."

"आणि तू काय करणार?"

"बघू."

बघू म्हणणारा दादा मी जन्मात पाहिला नव्हता. ह्याला पुढच्या तीन टाक्यांमध्ये काय घालायचं ते झोपेतसुद्धा माहीत असतं.

"कोणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "आईला तर मुळीच नको."

टेलरनं पिशव्या शिवल्या, झकास शिवल्या, वर ओढायला नाडीसुद्धा घातली. मी त्या उकळत्या पाण्यात घालून कापडाची खळ काढली. संध्याकाळच्या आत सगळी फुलं हंड्यात गेली, आणि यंदा नळ तुंबला नाही. बाहेरून बघणाऱ्याला सगळं झक्क चाललंय असंच वाटलं असतं.

मग माझी शाळा सुरू झाली. ठरलं असं होतं की खोक्यावर दादाच उभा राहील, पण वास आधी मी घेऊन ठेवीन आणि त्याला सांगीन. बिअर टाकीत मुरत होती, तोवर दादा रोज दुपारी दुकान उघडायच्या आधी मला टाकीपाशी उभं करायचा आणि ग्लास हातात द्यायचा.

"सांग."

"छान."

"छान हा वास नाही."

"बरं, खूप छान."

"अगं, कशासारखा? मला गवत म्हण, लाकूड म्हण, खोडरबर म्हण, काहीही म्हण. हा वास तुला आयुष्यात आधी कुठे आला होता?"

मी डोळे मिटायचे, कपाळाला आठ्या घालायचे. काहीतरी यायचं, अगदी नाकाच्या शेंड्यापर्यंत यायचं, ओळखीचं, आणि पळून जायचं. "बिअरसारखा," मी शेवटी म्हणायचे. दादा कपाळावर हात मारून घ्यायचा. मास्तर म्हणून दादाला शून्य मार्क. आणि सारखं त्याचं ते "शेवटची आहे, नीट व्हायला हवी" ऐकून माझं डोकं फिरायचं. एकदा मी ग्लास तिथेच ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, कारण जाणार कुठे?

शेवटी मी सांगून टाकलं, "गेल्या वर्षीसारखाच आहे रे. तेच म्हण." तो बरं म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की मला जास्तच टोचलं.

बिअर तयार झाली त्या रविवारी दुपारी अंगण फुलून गेलं होतं. खुडायला आलेले सगळे आले, शिवाय न खुडलेलेही निम्मे आले आणि खुडल्याचा आव आणत उभे राहिले. मी नळापाशी. बिअर उतरत होती ती जरा गढूळ, सोनेरी, वर घट्ट पांढरा फेस. ग्लास सगळ्यांच्या हातात गेले. टेलर नवीन शर्ट घालून पहिल्या रांगेत, पिशव्यांचा मानकरी म्हणून. आई खुर्चीत. दादा खोक्यावर चढला, ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले.

"ओलं गवत," दादा म्हणाला. "संत्र्याची साल. आणि मागे..." तो जरा थांबला. "मागे थोडी मिरी."

लोकांनी माना डोलावल्या. ग्लास तोंडाकडे निघाले. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अरे, आणि कांदा? यंदा वेलांच्या बुडाशी मी कांदा लावला होता. लागलाय का बघ त्याचा वास."

दादानं माझ्याकडे पाहिलं. आता माझं नशीब बघा, मी नेमकी खाली वाकून फेस उतू गेलेला ग्लास पुसत होते. वर बघितलं तोवर उशीर झाला होता.

"लागलाय," दादा म्हणाला. "किंचित. अगदी मागे."

"कांदा कुठला!" काकू हसत सुटल्या. "गंमत केली रे तुझी. तिथे गवताशिवाय काही नाही."

सगळं अंगण हसलं. "तुम्हीच काकूंची फिरकी घेतलीत, शेठ!" कोणीतरी ओरडलं. म्हणजे सुटला होता तो. लोकांना वाटलं गमतीला गंमत झाली. त्यानं नुसतं हसायचं होतं, ग्लास उंच करायचा होता, की संपलं.

दादा हसला नाही. ग्लासात बघत राहिला.

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

हसू हळूहळू थांबलं.

"सर्दी झाली तेव्हापासून. मघाशी जे म्हटलं ते गेल्या वर्षीचं होतं. कांदा असता की रॉकेल असतं, मला कळलं नसतं. तुम्ही लांबून येता, तुम्हाला खोटं सांगायचं नाही मला."

मग टेलर हळूच म्हणाला, "म्हणजे माझे मोजे..."

"तसेच असतील," दादा म्हणाला.

"मला वाटलं सवय झाली तुम्हाला माझी," टेलर म्हणाला, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"आणि ते दूध!" आई खुर्चीतून उठली. "मी अख्ख्या गल्लीत सांगितलं की माझा मुलगा निवळला! अरे, मला नाही का सांगायचं? तुझी आई आहे ना मी?" आणि तिथेच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. काकूंनी तिला जवळ घेतलं. काकूंचाही चेहरा पडला होता, कांद्याची गंमत अंगाशी आली म्हणून.

"म्हणून ही शेवटची," दादा म्हणाला. "प्या तुम्ही. चांगली झाली असावी." त्यानं ग्लास खोक्यावर ठेवला आणि खाली उतरला.

चांगली झाली असावी! माझं टाळकंच सटकलं. मी फडकं फेकलं, लोकांना बाजूला सारत गेले आणि खोक्यावर चढले. ग्लास उचलला.

"असावी काय, असावी?" मी ओरडले. "सगळा उन्हाळा माझ्यापुढे ग्लास नाचवलेस. मला वाटलं, दादा मला विचारतोय. मला किती छान वाटलं होतं माहितीये तुला? आता तू निघालास, आणि नाकवाला बघ म्हणे! हे काय आहे मग?" मी स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. माझा आवाज फाटला होता, मला रडू येत होतं आणि शंभर माणसं बघत होती. रडू लपवायला म्हणून मी ग्लासात तोंड घातलं आणि मोठा श्वास घेतला.

आणि तो आला. इतके दिवस पळत होता तो वास समोर येऊन उभा राहिला.

"दादा," मी म्हटलं. "संत्रं-बिंत्रं काही नाहीये यात. आपण कालव्याकडे गेलो होतो, आठवतंय? तू मला सायकलच्या दांड्यावर बसवलं होतंस आणि उतारावर ब्रेक सोडलास. मी उडाले आणि तोंडावर पडले, नुकतं कापलेलं गवत होतं, ओलं. नाकातोंडात गवत. मी भोकाड पसरलं. तू घाबरलास, आईला कळेल म्हणून. मग त्या मळ्यातून काहीतरी चोरून आणलंस आणि गुडघ्यावर आपटून फोडून माझ्या हातात दिलंस, की हे खा आणि गप्प बस. आणि मी ते गवतात बसून खाल्लं. तो वास आहे. तस्सा. गवत आणि ते... कलिंगड."

दादा माझ्याकडे बघत होता. मग त्यानं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले.

"कलिंगड नव्हतं," तो म्हणाला.

"कलिंगडच होतं."

"खरबूज होतं. मी चोरलं होतं, मला माहीत. कलिंगड गुडघ्यावर फुटतं का कधी?"

"सायकलवरून पाडलंस?" आई काकूंच्या खांद्यावरून म्हणाली. "मला तर तुम्ही सांगितलंत, शाळेत पडली म्हणून!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. दादाचं आईकडे लक्षच नव्हतं. तो खोक्याजवळ आला होता, मान वर करून माझ्याकडे बघत, कपाळावर ती बारीक आठी, जी सर्दीच्या आधी रोज असायची.

"खरबूज कच्चं की पिकलेलं?" त्यानं विचारलं.

"तेव्हा?"

"तेव्हाचं नव्हे गं. आता. ग्लासातलं. परत घे वास."

मी परत घेतला. सावकाश. "कच्चं," मी म्हटलं. "सालीजवळचं, हिरवट. अजून गोड न झालेलं."

"हं," दादा म्हणाला. मग त्यानं माझ्या हातातला ग्लास घेऊन स्वतः एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, गिळला. "कडू बरोबर बसलंय. म्हणजे वेलच जरा आधी उतरवले." तो काकूंकडे वळला. "काकू, पुढच्या वर्षी थोडं उशिरा उतरवायचे. खरबूज पिकलं पाहिजे."

"पुढच्या वर्षी ना?" काकूंनी विचारलं.

"हो, मग कधी?" दादा जरा वैतागून म्हणाला. "यंदाचे तर उतरवले तुम्ही."

आईनं डोळे पुसले आणि एकदम खुर्चीत बसली. टेलरनं ग्लास तोंडाला लावला, त्याच्या मागोमाग सगळ्यांनी लावला, आणि अंगणात पुन्हा गलका सुरू झाला. कच्चं खरबूज, कच्चं खरबूज, जो तो एकमेकांना सांगत होता, जसं काही ते त्यालाच आधी कळलं होतं. मी उतरायला पाय खाली टाकला, तर दादानं खोक्याला हात लावून मला थांबवलं.

"कुठे निघालीस?" तो म्हणाला आणि आपला ग्लास माझ्यापुढे धरला. "घोट घेऊन झाल्यावर शेवटी मागे काय उरतं, ते राहिलंय. सांग. आणि छान म्हणालीस ना, तर आत्ता सायकल आणीन."